बी.कॉम.नंतर हिशेबाच्या क्षेत्रात: आधी एक वर्ष स्वतःच्या हाताने बंद करा

सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात नवा उमेदवार आला की जाणते वरिष्ठ त्याची प्रमाणपत्रं फार वेळ चाळत नाहीत. एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याच महिन्याचं बँक बुक (बँकेच्या व्यवहारांची व्यवसायाची स्वतःची नोंद) समोर ठेवतात आणि म्हणतात, "हे जुळवून दाखव." अर्ध्या तासात सगळं कळतं. न वटलेला चेक कुठे दाखवायचा, बँकेने परस्पर कापलेलं शुल्क कुठे टाकायचं, ओळख न पटणारी यूपीआयची जमा कोणाच्या खात्यात धरायची, हे ज्याला सुचतं त्याला काम मिळतं.

बी.कॉम.ची तिन्ही वर्षं ताळेबंद मांडणारी मुलं इथे अडतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. पुस्तकातल्या गणितात आकडे तयार मिळतात. कार्यालयात कागद मिळतात: चुरगळलेलं वाहतुकीचं बिल, अर्धवट पुसलेली पेट्रोलची पावती, व्हॉट्सॲपवर आलेला इन्व्हॉइसचा फोटो. या कागदांपासून ताळेबंदापर्यंतची वाट कॉलेज दाखवत नाही आणि बरेच क्लासही दाखवत नाहीत. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. नोकरी शोधण्याआधी एका व्यवसायाचं एक पूर्ण आर्थिक वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च, स्वतःच्या हाताने लिहा आणि बंद करा. रोज दोन तास दिले तर तीन-चार महिन्यांत होतं आणि फी लागत नाही.

पाया: पंधरा दिवस फक्त वही आणि पेन

संगणकाला हात लावण्याआधी साधी वही घ्या. रोख खरेदी, उधार विक्री, भाडं, पगार, मालकाने घरखर्चासाठी उचललेले पैसे, कर्जाचा हप्ता असे पन्नासेक व्यवहार लिहा. प्रत्येकाची किर्दीत (जर्नल) नोंद, मग खतावणी (लेजर), मग तेरीज (ट्रायल बॅलन्स). तेरीज जुळेपर्यंत उठू नका.

कर्जाच्या हप्त्यापाशी विशेष थांबा. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतं. मुद्दलाने कर्ज कमी होतं, खर्च मात्र फक्त व्याजाचा. पूर्ण हप्ता खर्चात टाकलेली पुस्तकं मी कितीतरी पाहिली आहेत. नफा कमी दिसतो आणि कर्ज जिथल्या तिथे राहतं. मालकाची उचल आणि धंद्याचा खर्च वेगळे ठेवणं ही दुसरी जागा. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की पुढचं पुष्कळ सोपं होतं.

टॅलीत एक पूर्ण वर्ष

महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम व्यवसायांत आजही बहुतेक ठिकाणी हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हणून टॅलीच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा. टॅलीप्राइम कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं आणि एज्युकेशनल मोडमध्ये परवान्याशिवाय वापरता येतं. त्यात महिन्याच्या ठराविक तारखांनाच, म्हणजे पहिली, दुसरी आणि एकतीस, नोंदी होतात. सरावाला तेवढं पुरतं. खरी तारीख नोंदीच्या तपशिलात लिहून ठेवा.

व्यवसाय काल्पनिक घ्या, पण तपशील खरे असू द्या. समजा, सांगलीतलं इलेक्ट्रिकल मालाचं दुकान. मालक एकटा, दोन कामगार, दुकान भाड्याचं, बँकेचं कॅश क्रेडिट खातं, माल पुण्याहून आणि राजकोटहून येतो. घरात किंवा ओळखीत कोणाचं दुकान असेल तर त्यांची जुनी बिलं मागा. बहुतेक जण देतात, फक्त त्यांचा विश्वास जपा. नावं बदला आणि कागद बाहेर दाखवू नका.

मग महिन्यामागून महिना नोंदी करा. खात्यांची नावं आणि त्यांचे गट आधी नीट ठरवा, कारण गट चुकला की ताळेबंद चुकतो. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. ही बटणं आठवड्याभरात बोटांवर बसतात. बटणं पाठ असणं म्हणजे टॅली येणं, असं मात्र समजू नका.

दर महिन्याच्या शेवटी बँक जुळवा. कार्ड मशीनचं उदाहरण घ्या. गिऱ्हाइकाने १०,००० रुपये दिले, खात्यात दुसऱ्या दिवशी ९,८८२ आले. समजा कमिशन एक टक्का, म्हणजे १०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १८. विक्री १०,०००चीच धरायची, १०० रुपये खर्चात जातात आणि १८ रुपये जीएसटीची जमा म्हणून मिळतात. नवशिका ९,८८२ची विक्री दाखवून मोकळा होतो. मग वर्षाच्या शेवटी दुकानाची विक्री आणि जीएसटीची विवरणपत्रं जुळत नाहीत आणि कोणालाच कारण सापडत नाही.

मार्चअखेर सगळ्यात जास्त शिकवते. शिल्लक मालाची मोजणी आणि किंमत, मार्चचं वीजबिल जे एप्रिलमध्ये येईल त्याची तरतूद, आगाऊ भरलेल्या विम्याचा पुढच्या वर्षाचा भाग, आणि घसारा, म्हणजे वापराने वस्तूंची घटलेली किंमत. आयकरासाठी फर्निचरला १० टक्के, सर्वसाधारण यंत्रांना १५, संगणकाला ४०. आणि वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्मा. येणी-देणी माणसागणिक तपासा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी काढा, कारण लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही तरतूद लागू झाली आणि तेव्हापासून मार्च महिन्यात अकाउंटंटला सर्वाधिक फोन याच कारणासाठी येतात.

जीएसटी: कर कळण्याआधी रोकड कळली पाहिजे

आपल्या सांगलीच्या दुकानाने पुण्याहून १,००,००० रुपयांचा माल घेतला. १८ टक्के दराने सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९,००० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९,०००. तोच माल राजकोटहून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून, आला असता तर एकच आयजीएसटी १८,०००. माल १,४०,०००ला विकला, त्यावर कर २५,२००. खरेदीवरच्या १८,०००ची वजावट घेऊन भरायचे ७,२००. इतपत कोणालाही येतं.

आता समजा, पुण्याच्या व्यापाऱ्याने आपल्या विवरणपत्रात हे बिल दाखवलंच नाही. मग ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, येत नाही, आणि तिथे नसलेल्या बिलाची वजावट घेता येत नाही. दुकानदाराला या महिन्यात ७,२०० ऐवजी पूर्ण २५,२०० भरावे लागतात. त्याचे १८,००० अडकतात, तेही अशा मालावर ज्याचे पैसे त्याने कदाचित आधीच चुकते केले आहेत. म्हणून २बी आणि खरेदीचं रजिस्टर दर महिन्याला जुळवणारा, न दिसणाऱ्या बिलांची यादी काढून पुरवठादाराला फोन करणारा माणूस मालकाला हवा असतो. हे काम ज्याला नेटकं जमतं त्याला जिल्ह्याच्या गावातसुद्धा रिकामं बसावं लागत नाही.

याच्या जोडीला काही नियम शिका. खाण्यापिण्याचा खर्च, मालकाची मोटार अशा गोष्टींवर वजावट सहसा मिळत नाही. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. पाच कोटींहून जास्त उलाढालीच्या व्यवसायाला दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. दर बदलत राहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ आणि १८ हे मुख्य दर राहिले. दर पाठ करण्यापेक्षा ते कुठे बघायचे हे माहीत असू द्या.

टीडीएस आणि पगार

टीडीएसमध्ये, म्हणजे देणं चुकवतानाच कापून सरकारकडे भरायच्या आयकरात, एक उदाहरण पक्कं करा. दुकानाची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या वर आहे, म्हणून मालकाला टीडीएस कापावा लागतो. आर्किटेक्टचं बिल आलं: फी ६०,००० आणि जीएसटी १०,८००. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त फीवर. व्यावसायिक फीसाठी १० टक्के, म्हणजे ६,०००. आर्किटेक्टच्या हाती जातात ६४,८००. वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या फीवर कपात नाही. ही मर्यादा एप्रिल २०२५ मध्ये ३०,००० वरून वाढली.

नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने लोक अजून '१९४-जे' (व्यावसायिक फीवरच्या टीडीएसचं जुनं कलम) म्हणतील, ते समजून घ्या. पण शिकताना कोणत्या देण्यावर, किती रकमेवर, किती दराने या क्रमानेच शिका. क्रमांक बदलले तरी ही समज कामी येते.

पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) आणि व्यवसाय कर या तीन गोष्टी येतात. ईएसआयमध्ये कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के, २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. फेब्रुवारीचा हा प्रश्न मुलाखतीत आवर्जून विचारतात.

महिन्याच्या तारखा

हिशेबनिसाचा महिना तारखांवर चालतो. या तारखा भिंतीवर लावा:

- ७ तारीख: आदल्या महिन्यात कापलेला टीडीएस भरणे (मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत)
- ११ तारीख: मासिक जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), तिमाही पर्याय घेतलेल्यांसाठी तिमाहीनंतर १३
- १४ तारीख: जीएसटीआर-२बी तयार होतं, जुळवणी सुरू
- १५ तारीख: भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय
- २० तारीख: मासिक जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरणपत्र), महाराष्ट्रातल्या तिमाही करदात्यांसाठी २२

आगाऊ आयकराच्या चार तारखा वेगळ्या: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, तोवर वर्षाच्या कराचे अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भरलेले असावे लागतात. सरावाच्या दुकानासाठीसुद्धा या तारखा पाळा. सात तारखेला चलन किती रकमेचं झालं असतं ते कागदावर लिहा.

एक्सेल

सगळं एक्सेल शिकायची गरज नाही. एक्सलूकअप किंवा व्हीलूकअप, समइफ्स, पिव्होट टेबल, ट्रिम, काउंटइफ आणि फिल्टर इतक्यावर रोजची बहुतेक कामं होतात. सराव म्हणून दोन याद्या घ्या, खरेदी रजिस्टर आणि २बी, आणि न जुळणारी बिलं शोधून काढा. बिल क्रमांकात कोणी 'एबी/०४५' लिहितं, कोणी 'एबी-४५'. अशा फरकांवर उपाय काढताना जे एक्सेल येतं ते कुठल्याच पुस्तकातून येत नाही.

पहिली नोकरी कुठे करावी

माझं स्पष्ट मत: पहिली दीड-दोन वर्षं सीएच्या किंवा चांगल्या कर सल्लागाराच्या कार्यालयात काढा. पगार कमी असतो हे खरं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्रीही बसावं लागतं. पण एका वर्षात किराणा दुकान, दवाखाना, बांधकाम व्यावसायिक, पतसंस्था आणि वाहतूकदार अशी पाच प्रकारची पुस्तकं नजरेखालून जातात. कारखान्यात गेलात तर कदाचित दोन वर्षं फक्त खरेदीची बिलं चढवत बसाल. घरची ओढाताण असेल आणि पहिल्या महिन्यापासून बरा पगार हवा असेल तर कारखाना निवडण्यात काही गैर नाही. फक्त सहा महिन्यांनी वरिष्ठांना दुसरा विभाग मागा.

तिसरा पर्याय पुण्या-मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या सेवाकेंद्रांचा: हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली. तिथे परदेशी कंपन्यांची खरेदी, वसुली आणि महिनाअखेरची पुस्तकं सांभाळली जातात. काम ठराविक तुकड्यात विभागलेलं असतं, इंग्रजीत ईमेल लिहिता यावं लागतं, सॅप किंवा ओरॅकल ही मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरावी लागतात. पगार आणि सुविधा बऱ्या, पण भारतीय कर कायदा हातातून सुटतो. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या ग्रामीण मुलांना एवढंच सांगतो: तिथली ईमेल ठरीव साच्याची असतात आणि तीन-चार महिन्यांत सवय होते. ती भीती धरून अर्जच न करणं हे मोठं नुकसान आहे.

सॅपचा महागडा कोर्स मात्र अनुभवाआधी करू नका. पुरवठादाराचं बिल सॅपमधल्या एफबी६० या आज्ञेने टाकायचं की मिरो या आज्ञेने, हे खरेदी ऑर्डर आणि माल आल्याची नोंद म्हणजे काय हे कळल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. काम करताना कंपनीच शिकवते.

सरकारी वाटाही आहेत. राज्यकर निरीक्षक एमपीएससीतून होता येतं. जिल्हा परिषदेत कनिष्ठ लेखाधिकारी, लेखा व कोषागारे विभागात कनिष्ठ लेखापाल अशी पदं निघतात. पण त्या परीक्षांचा अभ्यास वेगळा आहे. भरतीची वाट बघताना दोन-तीन वर्षं रिकामी जाऊ देऊ नका.

पुढचं शिक्षण

सीए व्हायचं असेल तर वाणिज्य पदवीला ५५ टक्के असल्यास फाउंडेशन परीक्षा टाळून थेट इंटरमीडिएटला बसता येतं. २०२३ च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची झाली आणि इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच ती सुरू होते. परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआय) शाखा आहेत, अभ्यासाचं साहित्य संस्थाच देते. परीक्षा कठीण आहे. दोन-तीनदा न जमल्यास त्या ज्ञानाची किंमत शून्य होत नाही. इंटरमीडिएट उत्तीर्ण उमेदवाराला कंपन्या आनंदाने घेतात.

उत्पादनाच्या खर्चात रस असेल तर सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम, बघा. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव या पट्ट्यांत एका सुट्या भागाला नेमका किती खर्च आला हे सांगू शकणारी माणसं हवी असतात. शेअर बाजार किंवा म्युच्युअल फंडाकडे ओढा असेल तर एनआयएसएम या सेबीच्या शिक्षणसंस्थेच्या परीक्षा स्वस्तात आणि घरी अभ्यास करून देता येतात. म्युच्युअल फंड वितरकासाठी ५-ए ही मालिका, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं.

आणि आता ती वाट, जिच्याबद्दल शहरातल्या करिअर मार्गदर्शनात कोणी बोलत नाही: जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखा पदविका. राज्याचा सहकार विभाग ही परीक्षा घेतो, साधारण मे महिन्यात. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. ही पदविका, लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असलेल्या माणसाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० 'प्रमाणित लेखापरीक्षक' मानतो. विभागाच्या नामतालिकेवर (पॅनेलवर) नाव लागलं की संस्थांची लेखापरीक्षणं मिळवता येतात.

किती संस्था? राज्यात नुसत्या गृहनिर्माण संस्थाच एक लाखाहून अधिक आहेत. शिवाय पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था. प्रत्येकीचं लेखापरीक्षण दरवर्षी व्हावंच लागतं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. बार्शी, फलटण, चाळीसगाव इथल्या मुलाला किंवा मुलीला घर न सोडता सन्मानाने जगता येईल असा हा व्यवसाय आहे, आणि तो मराठीत चालतो. इतिवृत्त, उपविधी, दोषदुरुस्ती अहवाल सगळं मराठीत. जे इंग्रजीमुळे मागे राहिलो असं मानतात त्यांनी हा मार्ग नक्की बघावा.

वाणिज्य पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते; त्यासाठी नासिन या केंद्र सरकारच्या अप्रत्यक्ष करांच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. एखाद्या कार्यालयात दोन वर्षं काढल्यावर हे करा. आधी नोंदणी करून स्वतःची पाटी लावली तर चुका गिऱ्हाइकाच्या खर्चाने होतात.

क्लास लावायचाच असेल तर

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. सराव खऱ्या बिलांवर होतो की छापील गणितांवर? पोर्टलवर विवरणपत्र भरताना दाखवतात की फक्त चित्रं? आधीच्या तुकडीतल्या दोन मुलांशी बोलता येईल का? 'शंभर टक्के नोकरी' असं लेखी देणाऱ्यांपासून दूर राहा. हप्त्याने फी म्हणून जे सांगतात ते पुष्कळदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास सुटला तरी हप्ते सुटत नाहीत. सही करण्याआधी कागद घरी आणून वाचा.

मुलाखतीला काय न्यावं

'टॅली, एमएस ऑफिस, जीएसटीचं ज्ञान' अशी ओळ प्रत्येकाच्या बायोडेटात असते. त्याऐवजी लिहा: 'इलेक्ट्रिकल दुकानाची बारा महिन्यांची पुस्तकं सरावासाठी पूर्ण केली, बँक जुळवणी, २बी जुळवणी, टीडीएस, अंतिम खाती.' सोबत पातळ फाइल न्या: मार्चची बँक जुळवणी, एका महिन्याचं जीएसटीचं कोष्टक, ताळेबंद. त्यातला कुठलाही आकडा मागे नेऊन मूळ बिलापर्यंत दाखवता आला पाहिजे.

सही, पासवर्ड आणि खोटी बिलं

कामाला लागलात की लोकांचे पासवर्ड, डिजिटल स्वाक्षरीची पेन ड्राइव्ह, बँकेचा ओटीपी तुमच्या हाती येईल. मालकाच्या लेखी किंवा संदेशातल्या होकाराशिवाय विवरणपत्र दाखल करू नका आणि तो होकार जपून ठेवा. रोखीचे नियम मालकाला वेळेवर सांगा: एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिलेला खर्च करात धरला जात नाही, आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारता येत नाही.

कधीतरी कोणी सांगेल, "माल आलेला नाही, पण बिल चढव, सगळेच करतात." चढवू नका. माल न देता-घेता बिलं फिरवणं हा जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खालचा गुन्हा आहे, मोठ्या रकमेला तुरुंगवासही आहे, आणि चौकशीत पहिला प्रश्न नोंद कोणी केली हाच येतो. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं सक्तीचं आहे, त्यामुळे नाव पुसता येत नाही. नकार शांतपणे द्या, वरिष्ठांना ईमेलने कळवा. तरी दबाव राहिला तर ती नोकरी सोडा आणि दुसरीकडे अर्ज करा. एक वर्ष नीट बंद करता येणाऱ्या माणसाला दुसरं काम मिळायला फार दिवस लागत नाहीत.